आगाशे सरांचं टाचण

यज्ञेश्वर आगाशे सरांनी शुक्रवार पेठेतल्या एका शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं, आणि त्या चौतीस वर्षांत ते टाचण न काढता एकाही तासाला गेले नाहीत. ज्यांच्या घरात कुणी मास्तर नाही त्यांच्यासाठी सांगतो, टाचण म्हणजे उद्याच्या तासाची आजच केलेली तयारी. काय शिकवायचं, कुठला प्रश्न कधी विचारायचा, पोरं कुठे चुकणार आणि चुकली की त्यांना कुठून वळवून आणायचं, सगळं वहीत लिहून काढायचं. बाकीचे मास्तर तपासणीला साहेब येणार म्हटलं की एका बैठकीत महिन्याभराची टाचणं उरकायचे. आगाशे सर तसले नव्हते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी नववीच्या वर्गात भूमितीचं एक रायडर, म्हणजे प्रमेयावरचं अवघड उदाहरण, त्यांना फळ्यावर सुटेना. दहा मिनिटं ते खडू धरून उभे होते. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सरांना येत नाय रे!" आणि सगळा वर्ग खो खो हसला. झालं! त्या दिवसापासून सर प्रत्येक गोष्ट आधी घरी करून बघायला लागले. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी ती खोड काही गेली नाही.

घरात ते एकटेच. पत्नी जाऊन पाच वर्षं झाली होती आणि मुलगी तनया खराडीला नोकरी करून तिकडेच राहत होती. सकाळी सातला पेपर यायचा, सव्वासातला त्यातलं सुडोकू संपलेलं असायचं आणि साडेसातला सर तनयाला फोन करायचे. तिची ती नेमकी आंघोळीची, डब्याची, धावपळीची वेळ. शेवटी वैतागून एका रविवारी तिने आपलं जुनं गेम खेळायचं मशीन आणून सरांच्या टीव्हीला जोडून दिलं.

"बाबा, यात मारामारी नाही, घाई नाही. कोडी आहेत. अगदी शांत गेम आहे."

"शांतता माझ्याकडे भरपूर आहे," सर म्हणाले. पण ती जिना उतरते ना उतरते तोच त्यांनी चष्मा पुसून कंट्रोलर हातात घेतला.

गेम खरंच शांत होता. एका अवाढव्य जुन्या इमारतीत दोन छोटे दिवे अडकलेत, एक निळा आणि एक पिवळा. दिव्यांना पाय आहेत, आणि त्यांना बाहेर पडायचंय. प्रत्येक खोलीला एक बंद दार. कुठे खोका ढकलायचा, कुठे दगडावर उभं राहायचं, कुठे साखळी ओढायची. नीट क्रम लागला की दार उघडतं. पहिल्या भागाचं नाव 'एकट्याने'. त्यात नुसता निळा दिवा, आणि खोल्या चाळीस. सरांना तो गेम असा काही लागला म्हणता! चहा निवून साय धरायचा, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जायच्या. खोली सुटली की दार कुरकुरत उघडायचं, आणि त्या आवाजाने सरांना कित्येक वर्षांनी कुणीतरी "बरोबर" म्हटल्यासारखं वाटायचं. एकोणीस दिवसांत चाळीसच्या चाळीस खोल्या झाल्या. मग पडद्यावर दुसरा भाग आला. त्याचं नाव 'जोडीने'. तीस खोल्या, दोन दिवे, दोन कंट्रोलर.

जोडीला माणूस एकच होता, तात्याराव सातव. त्याच शाळेतले पी.टी.चे सर. मूळचे वाघोलीचे. त्यांच्या शेताच्या जागी आता अकरा मजली इमारती उभ्या आहेत; राहिला तो एक बंगला आणि मागचा मेथी-कोथिंबिरीचा तुकडा. शाळेत असताना ते 'आहे' म्हणायचे आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'हाय'. दर गुरुवारी बसने पुण्यात यायचे, दत्ताचं दर्शन घ्यायचे, मंडईत एक चक्कर टाकायचे आणि अकराच्या सुमाराला आगाशे सरांचे तीन जिने चढायचे. त्या घरात आठवड्याभरात दुसऱ्या माणसाचा आवाज घुमायचा तो त्याच दिवशी. बुधवारी संध्याकाळीच सर दुधाची जास्तीची पिशवी आणून ठेवत. हे त्यांनी कुणापुढे कबूल केलं नसतं, पण गुरुवार नसता तर त्यांचा आठवडा म्हणजे सगळे सोमवारच होते.

"आपल्याला नाय जमनार सर हे," कंट्रोलर उलटसुलट करून बघत तात्याराव म्हणाले. "डोक्याचं काम हाय. आपलं डोकं टोपी घालायला."

ते हसून म्हणाले, पण नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. शाळेत मैदानावर चिखल झाला की पी.टी.चा तास गणिताला द्यायचा असा रिवाजच होता. तात्यारावांना कुणी विचारायचंसुद्धा नाही. त्यातले निम्मे तास आगाशे सरांनीच घेतलेले.

"बसा हो. तुम्ही पिवळा, मी निळा."

पहिल्या तीन खोल्या दोघांनी हसतखेळत सोडवल्या. चौथीत गाडं अडलं. तात्यारावांना येईना ते ठीक, पण आगाशे सरांनाही येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तात्याराव बिचारे सरांच्या तोंडाकडे बघत होते, आणि सरांच्या तळव्याला घाम फुटला. बेचाळीस वर्षांपूर्वीचा तो खडू पुन्हा हातात आल्यासारखं झालं.

"तुमची बस चुकेल," ते एकदम म्हणाले. बस दर वीस मिनिटांनी असते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तात्याराव गेल्यावर सरांनी एक कंट्रोलर डाव्या हातात घेतला, दुसरा उजव्या मांडीवर ठेवला आणि निळ्या-पिवळ्या दोघांनाही स्वतःच चालवत अर्ध्या तासात चौथी खोली सोडवली. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट झाली नसती. पण हात सैल सुटला होता. त्यांनी पाचवी सोडवली, सहावीही सोडवली. मग उठून कपाटातून दोनशे पानी कोरी वही काढली आणि पट्टीने रकाने आखले.

सुटलेली खोलीही पुन्हा पहिल्यापासून खेळता यायची. मग पुढचे गुरुवार कसे गेले म्हणून सांगू! तात्याराव यायचे, हातपाय धुऊन बसायचे, अडायचे. आगाशे सर खिडकीबाहेर बघत सहज विचारल्यासारखं विचारायचे, "वरती ते काय लोंबतंय हो?" तात्याराव वर बघायचे, मान तिरकी करायचे आणि ओरडायचे, "आयला, साखळी!" दार उघडायचं. "वा तात्याराव!" सर म्हणायचे, आणि साठी पार केलेला तो आडदांड माणूस शाबासकी मिळालेल्या पोरासारखा लाजायचा. एकदा, नवव्या खोलीत, त्यांनी सरांच्या प्रश्नाची वाटच पाहिली नाही. खोक्याला हातही न लावता पिवळा दिवा निळ्याच्या डोक्यावर चढवला आणि तिथून थेट पलीकडे उडी घेतली. दार उघडलं. सर नुसतं "हं. बरं," म्हणाले आणि विषय बदलला.

"पायलने यादी केलीय," एकदा चहाचा कप खाली ठेवत तात्याराव म्हणाले. पायल म्हणजे त्यांची नात, चौथीतली. "फ्रिजवर लावलीय. 'आजोबांनी सोडवलेल्या खोल्या.' रोज शाळेतून आली की विचारती, आजोबा, गुरुवार कधी हाय? खरं सांगू सर, मला वाटलं नव्हतं मला असलं काय येईल. आमच्या घरात गणितात पास झालेला मी पयलाच, आन् तेपण पस्तीस मार्कांनी."

आगाशे सरांनी टीव्हीखालचा पेपरांचा गठ्ठा पायाने आत सारला; त्यात वही होती. पण त्यांना बरंही वाटलं. माणूस सुखी होतोय, दार उघडतंय, गुरुवार येतोय, बिघडलं काय? त्यांनी मनाची अशी समजूत घातली आणि सव्विसाव्या खोलीचं टाचण जरा जास्तच मन लावून काढलं.

त्या गुरुवारी सर चहा टाकायला आत गेले. तात्यारावांना मंडईतून राहिलेल्या वस्तू लिहून ठेवायच्या होत्या. टीव्हीखाली पेपरांच्या गठ्ठ्यात त्यांना एक वही दिसली. कागद फाडायला म्हणून त्यांनी ती उघडली.

सर कप घेऊन बाहेर आले तेव्हा तात्याराव कंट्रोलर घेऊन नेहमीच्या जागी बसलेले होते. वही पेपरांखाली होती तशी. सव्विसावी खोली सुरू झाली. तात्यारावांनी पिवळा दिवा सरळ नेऊन डावीकडचा खोका ढकलला.

"चुकलं का?" त्यांनी विचारलं.

"बघा, विचार करा," सर म्हणाले.

तात्यारावांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. रस्त्यावरून भंगारवाल्याची हाळी आली आणि विरून गेली. तिसरं मिनिट संपलं तेव्हा तात्याराव शांतपणे म्हणाले, "आता तुमचा प्रश्न यायला पायजे, सर. 'पाणी कुठून येतंय हो?' असा हाय."

सरांनी पेपरांच्या गठ्ठ्याकडे बघितलं.

तात्यारावांनी कंट्रोलर उचलला. पाण्याच्या तोटीखालचा दगड सरकवला, उलट बाजूने खोका आणला, साखळी ओढली. दार उघडलं. "आता 'कौतुक करणे' असं लिवलंय. करा की."

"तात्याराव, अहो..."

"पंचवीस खोल्या पायलने लिवल्यात," तात्याराव उठत म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी रोज त्या पोरीला सांगतो, कसं अडलं, कसं सुचलं. तुम्ही मला पोरगं समजून शिकवत व्हता. चिखल झाला की तास न्यायचा तसा खेळपण नेला माझा." पिशवी उचलून ते निघाले. चपला घालताना त्यांना नेहमी भिंतीचा आधार लागे. त्या दिवशी लागला नाही.

पुढच्या गुरुवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले. सरांनी फोन केला. "गुडघा दुखतोय," तात्याराव म्हणाले. त्याच्या पुढच्या गुरुवारी पाहुणे होते. तिसऱ्या गुरुवारी फोन पायलने उचलला. आजोबा झोपलेत म्हणाली, आणि मागून तात्यारावांचं खोकणं स्पष्ट ऐकू आलं.

दुधाची जास्तीची पिशवी तीनदा नासली. आता अशा वेळी एखादा माणूस सरळ उठून वाघोलीला गेला असता. आगाशे सर काय करत होते? मांडीवर दुसरा कंट्रोलर ठेवून खेळत होते! सत्ताविसावी झाली, अठ्ठाविसावी, एकोणतिसावी. मजा कशातच नव्हती. दार उघडल्याचा तो आवाज आता नुसता दाराचा आवाज होता. तरी ते खेळत राहिले, कारण सगळ्या खोल्या एकदा हातात आल्या की तात्यारावांना काय सांगायचं ते सुचेल, अशी काहीतरी वेडगळ आशा त्यांना होती.

तिसाव्या, शेवटच्या खोलीत ते अडकले. तिथे पडदा मधोमध दुभागतो. डावीकडे निळा दिवा, उजवीकडे पिवळा, आणि दोघांच्याही पुढे काळोखात फरशा. निळ्याने कुठल्या फरशीवर पाय ठेवायचा ते पिवळ्याच्या बाजूला उजळतं, पिवळ्याचं निळ्याच्या बाजूला, आणि तेही डोळ्याचं पातं लवेपर्यंत. वर आणखी मेख म्हणजे पाऊल दोघांनी एकदमच टाकायचं. एक जरी मागे राहिला तरी दोघंही खाली. सरांकडे हात दोन होते, कंट्रोलर दोन होते, पण नजर एकच होती. अकरा दिवस ते पडत राहिले. तिसऱ्या पावलाच्या पुढे गाडी सरकली नाही.

"बाबा, यूट्यूबवर बघा की," तनया फोनवर म्हणाली. "प्रत्येक खोलीचं उत्तर आहे तिथे. दोन मिनिटांत होईल."

"वा! मग दहावीचे पेपरही आधी फोडून वाटत जाऊ. पोरांचा वेळ वाचेल," सर कडाडले. "दुसऱ्याने सोडवलेलं आपण गिरवायचं, त्यात आपलं काय? त्यापेक्षा न खेळलेलं बरं!"

फोन ठेवला आणि सर तसेच उभे राहिले. आपलंच बोलणं त्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी वही उघडली. 'खोली १७. तात्याराव आधी खोका ढकलतील. तीन मिनिटे थांबणे. सूचक प्रश्न. पाचव्या मिनिटाला सुटेल. कौतुक करणे.' अक्षर नेहमीसारखं टपोरं, सुबक होतं. सरांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी वही मिटली. आपण त्या माणसाचा एक खेळ हिसकावला नव्हता. आपल्याला काहीतरी येतं हे बासष्टाव्या वर्षी गवसलेलं सुख हिसकावलं होतं. आणि कशासाठी, तर दहा मिनिटं त्याच्यासमोर अडून बसायला लागू नये म्हणून.

गुरुवारी सकाळी त्यांनी मशीन, वायर, दोन्ही कंट्रोलर आणि वही कापडी पिशवीत भरली आणि वाघोलीची बस धरली. खोड बघा, माफी कशी मागायची याचेही मुद्दे त्यांनी वहीच्या मागच्या पानावर काढले होते. 'प्रथम क्षमा. नंतर कारण. कारण लांबवू नये.' खराडीच्या पुढे बस अर्धा तास जागची हलली नाही, तेवढ्यात त्यांनी ते पान फाडून खिशात कोंबलं.

तात्याराव बंगल्यामागे मेथीला पाणी देत होते. सरांना बघून त्यांनी पाइप खाली टाकला नाही.

"गुडघा कसा आहे?" सरांनी विचारलं.

"बरा हाय. पाहुणे पण गेले." तात्यारावांनी पिशवीकडे बघितलं. "टाचण आणलंय?"

सरांनी वही काढून पुढे केली. तात्यारावांनी पाइप वाफ्यात सोडला, हात धोतराला पुसले आणि शेवटचं लिहिलेलं पान काढलं. 'खोली ३०', वर लिहिलं होतं. खाली रकाने आखलेले. उद्दिष्ट, अपेक्षित चूक, सूचक प्रश्न. सगळे रिकामे.

"हे काय?"

"मला येत नाही," आगाशे सर म्हणाले.

एकवीस वर्षं तात्याराव सरांबरोबर एका शिक्षकखोलीत बसले होते. हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"अकरा दिवस झाले. मला येत नाही, तात्याराव. एकट्याला येणारही नाही. आणि मी तुमच्याशी फार वाईट वागलो. तुमच्यासमोर अडायची भीती वाटली मला. बाकी कारण काही नाही."

पाण्याने मेथीचा वाफा भरून वाहायला लागला होता. तात्याराव जाऊन नळ बंद करून आले. "माझ्यासमोर?" ते म्हणाले. "मी तर कायम अडलेलाच असतो की!" आणि मग, हात झटकत, "घरात या. ऊन लागंल."

बाहेरच्या खोलीत टीव्हीला मशीन जोडलं तेवढ्यात पायल शाळेतून आली. तिने दप्तर टाकलं आणि आधी आजोबांकडे, मग सरांकडे बघितलं. "आजोबांनी यादी काढून टाकली," ती सरांना सरळच म्हणाली. "म्हणाले, खोटी आहे." सरांना तिच्याकडे बघवेना.

तिसावी खोली लागली. पहिल्या पावलालाच दोघं खाली गेले, दुसऱ्या खेपेलाही गेले. सर म्हणायचे, "तुमच्या डावीकडे, तिरके, दोन फरशा," आणि त्याच वेळी तात्याराव म्हणायचे, "म्होरं या, नाय नाय, अलीकडं!" दोघांची वाक्यं एकमेकांत गुंतायची आणि दिवे बदाबदा कोसळायचे. पायल पोट धरून हसत होती. वर्ग हसत होता आणि आगाशे सर फळ्यासमोर उभे होते. नवल असं, की या वेळी त्यांना घाम फुटला नाही. त्यांच्या शेजारी आणखी एक जण तितकाच पडत होता.

"थांबा," पंधराव्या खेपेला तात्याराव म्हणाले. त्यांनी कंट्रोलर ठेवला आणि ताठ बसले. "सर, तुम्ही फार बोलता. पाचशे पोरं एका टायमाला कशी वळवायची ते मला ठाऊक हाय. शब्द चारच. आगे, पीछे, दाहिने, बाये. आधी मी तुमचा सांगनार, मग तुम्ही माझा सांगायचा. पाय कुनी हलवायचा नाय. मी 'कदम' म्हनलो की दोघांनी एकदम. कळलं?"

"कळलं," सर म्हणाले.

"कळलं सर, म्हना."

"कळलं, सर."

"सावधान!" तात्याराव गरजले, आणि आगाशे सरांची पाठ आपोआप ताठ झाली. "दाहिने!" "बाये," सर म्हणाले. "कदम!" दोन्ही दिवे एका वेळी पुढच्या फरशीवर उतरले. "आगे!" "आगे." "कदम!" चौथं पाऊल पडलं, पाचवं पडलं. सर पंधरा ऑगस्टच्या कवायतीला कायम सावलीत खुर्ची टाकून बसायचे. आज सत्तरीला टेकलेले ते तात्यारावांच्या हुकमावर चालत होते, आणि आपल्या पुढच्या फरशीसाठी स्वतःच्या बाजूला न बघता शेजारच्या माणसावर विसंबत होते. नवव्या पावलानंतर सरांनी घाई केली आणि दोघं खाली गेले. पण नऊ पावलं! एकूण चौदा होती.

संध्याकाळी पाचपर्यंत ते दहाच्या पुढे गेले नाहीत. पायल कंटाळून सरांच्या वहीची पानं चाळत बसली होती.

"आजोबा, इथं लाल शाईनं तुमचं नाव आहे."

सर गडबडले. "ते राहू दे ग."

"'खोली ९,'" पायल मोठ्याने वाचायला लागली. "'टाचण चुकले. तात्यारावांनी खोका न हलवता, निळ्याच्या डोक्यावरून उडी मारून सोडवली. ही रीत मला सुचली नव्हती. माझ्यापेक्षा चांगली.'"

तात्यारावांनी तिच्या हातून वही घेतली. लाल शाई सर फक्त तपासायला वापरायचे. एकवीस वर्षांत त्या शाईत कुणाविषयी 'चांगली' असं लिहिल्याचं तात्यारावांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. "हे तवाच का सांगितलं नाय?"

"टाचण चुकलं हे वर्गाला कोण सांगतं?" सर पुटपुटले. मग त्यांनी मान वर केली. "सांगायला हवं होतं."

वही मिटून तात्यारावांनी पायलकडे दिली. "यादी आन बाळ. टाकली नाय मी, ड्रॉवरात हाय. नववी खोली ठेव. पयल्या तीन ठेव, त्या आमच्या दोघांच्या हायत. बाकीच्या खोड. आन् खाली लिव, तिसावी. अजून सुटली नाय."

"न सुटलेली कशाला लिहायची?"

"कारन ती खरी हाय," तात्याराव म्हणाले.

सर निघाले तेव्हा तात्यारावांनीच वायरी गुंडाळून पिशवी भरून दिली, वर मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या. ते बसथांब्यापर्यंत सोडायलाही आले. तिथे पिशवी हलकी लागली म्हणून सरांनी आत हात घातला. कंट्रोलर एकच होता.

"तात्याराव, एक राहिला."

"राहिला नाय, ठेवलाय," तात्याराव बसकडे बघत म्हणाले. "तुमचा भरवसा नाय."

सरांनी पिशवी खांद्याला अडकवली. याचं उत्तर आधी घरी काढून आणायला हवं होतं असं या वेळी त्यांना वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी सव्वासातला सुडोकू संपलं. सरांनी थोडा वेळ हाताची बोटं मोडली, मग मशीन लावलं, नुसतं बघायला म्हणून. साडेसातला फोन वाजला.

"मशीन चालू केलंत ना?" तात्याराव.

"...केलं."

"माझा कंट्रोलर तर हितं हाय."

"माहीत आहे."

"मग काय दिसतंय?"

सरांनी पडद्याकडे बघितलं. उजव्या बाजूला काळोख होता. डावीकडे निळा दिवा पहिल्या फरशीपाशी उभा होता, आणि वर लिहून आलं होतं की दुसरा खेळाडू आल्याशिवाय खोली सुरू होणार नाही.

"माझा एकटाच उभा आहे," सर म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या उभा," तात्याराव म्हणाले. "गुरुवारी येतो मी."

सरांनी मशीन बंद केलं आणि पिशवीतली मेथी निवडायला घेतली.